नाथाच्या खांद्यावरचा अंगठा

आमच्या गावच्या भैरवनाथाचा पुजारी बबन गुरव याने मला फसवलं. देवाच्या गाभाऱ्यात, देवाच्या अंगावर हात ठेवून फसवलं, आणि ज्या गोष्टीत फसवलं ती माझ्या बायकोच्या जिवाची होती. हे आधीच सांगून टाकतो. असे अनुभव लिहिताना लोक सुरुवातीला हात जोडतात आणि मग गोड गोड सांगत जातात. मला ते जमत नाही. मी मंडईत आलं, लसूण आणि मिरची विकणारा माणूस आहे. नासका माल पोत्याच्या तळाशी लपवायची माझी सवय नाही. तो मी वरच ठेवतो.

आमचं गाव वाघोलीच्या पलीकडे. आता त्याला गाव फक्त आम्ही जुनी माणसं म्हणतो. चारी बाजूंनी सोसायट्या उभ्या राहिल्या आणि नाथाचं देऊळ दोन उंच इमारतींच्या मधल्या सावलीत गेलं. मी लहान वयात एक पोतं घेऊन मंडईच्या बाहेर फुटपाथवर बसलो, पुढे आत गाळा घेतला. मला कोणी हात दिला नाही आणि मी कोणाचे पाय धरले नाहीत. भांडून, ओरडून, भाव पाडून जे मिळवलं ते मिळवलं. माझा आवाज मंडईच्या या टोकापासून त्या टोकाला जातो, आणि घरी येताना तो मंडईत ठेवून यावा हे मला कधी सुचलं नाही. सरूशी माझं लग्न होऊन एकतीस वर्षं झाली होती. ती दर संध्याकाळी नाथाच्या आरतीला जायची, गुरुवारी बायकांच्या भजनात म्हणायची. गावातल्या बायका सांगत, तुमच्या सरूचा आवाज म्हणजे काय आवाज आहे. मी ‘असेल’ म्हणायचो. आरतीच्या वेळी मी गाळ्यावर असे. एकतीस वर्षांत मी तिला गाताना नीट ऐकलेलं नव्हतं.

आमच्याकडे मोठं काम नाथाला विचारल्याशिवाय होत नाही. नाथ म्हणजे शेंदूर लावलेला तांदळा, हातपाय नसलेला नुसता पाषाण. गुरव आंघोळ करून गाभाऱ्यात जातो, कण्हेरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून देवाच्या दोन खांद्यांना चिकटवतो. मग प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. याला कौल म्हणतात. आमच्या घराण्यात कोणी कधी कौल मोडला नाही. मी आयुष्यात बापाचं ऐकलं नाही, भावांचं ऐकलं नाही. पण डावा कौल आला की मान खाली घालून घरी यायचो आणि तो विषय पुन्हा काढायचो नाही. मला थांबवणारी तेवढीच एक जागा या जगात होती. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. सरूला सगळ्यांत जास्त.

तिला मिश्रीची, भाजलेल्या तंबाखूची, सवय होती, आमच्याकडच्या त्या पिढीच्या बायकांना असायची तशी. सकाळी उठली की डबी आणि बोट. जिभेच्या कडेला एक चट्टा आला आणि तो जाईना. तपासण्या झाल्या, कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, ऑपरेशन करावं लागेल, जिभेचा बराचसा भाग काढावा लागेल. मी विचारलं, वाचेल का? त्या म्हणाल्या, खात्री देत नाही, पण संधी आहे, आणि थांबलात तर तीही राहणार नाही. मग सरूने इतक्या हळू विचारलं की बाईंना पुढे वाकावं लागलं. “बोलता येईल का?” “सरावाने थोडंफार येईल.” “आणि म्हणता?” बाईंना कळलं नाही. मी म्हणालो, भजन म्हणते ती. बाई म्हणाल्या, “ते आता विसरा, मावशी.”

मी तिथल्या तिथे तारीख घेतली. घरी आल्यावर सरू पोळपाटाशी बसली आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, “मला न्हाई करायचं.”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“जीभ माझी हाय न्हवं?”

“गप्प बस. तारीख घेतलीय मी.”

ती गप्प बसली. माझ्या घरात मी गप्प बस म्हणालो की माणसं गप्प बसायची. दोन दिवस तिने विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी ताट वाढताना म्हणाली, “येवढं मोठं काम हाय, नाथाला इचारल्याबिगर करू नये.” आता याला मी नाही कसं म्हणणार? आमची मुलगी माया खराडीला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. तिला कळल्यावर तिने फोनवरच मला धारेवर धरलं. “बाबा, सिरियसली? डॉक्टर क्लिअर सांगतायत आणि तुम्ही दगडाला फुलं चिकटवणार?” मी तिलाही गप्प बस म्हणालो. माझी खात्री होती की नाथ उजवाच देणार. मी बरोबर होतो ना. मग देव वेगळं कशाला सांगेल?

रविवारी सकाळी आम्ही देवळात गेलो. बबनने कळ्या लावल्या. मी मोठ्याने विचारलं, “नाथा, ऑपरेशन करू का?” सरू माझ्या मागे उभी होती. डावी कळी लगेच घरंगळली आणि खालच्या तांब्याच्या ताटलीत पडली. उजवी जागची हलली नाही. बबन माझ्याकडे न बघता म्हणाला, “डावा हाय, अण्णा. नाथ नको म्हणतोय.” बबन तिथेच थांबला, जणू त्याचं अजून काही राहिलं होतं. मग म्हणाला, “रोज सांजारतीला यायचं. जोडीनं. एकट्यानं न्हाई चालायचं, जोडीनंच.” असं तो कधी कोणाला सांगत नसे. कौल झाला की नारळ फोडून मोकळा व्हायचा.

मी तारीख रद्द केली. डॉक्टरीणबाई माझ्यावर रागावल्या, ते रास्तच होतं. त्यांनी दुखण्यावरच्या गोळ्या लिहून दिल्या आणि मन बदललं तर एक दिवसही थांबू नका म्हणाल्या. माया म्हणाली, “आईला काही झालं तर मी तुमच्याशी बोलणार नाही.” ती माझीच मुलगी आहे. बोलली तसं तिने केलं.

राहिला प्रश्न संध्याकाळचा. संध्याकाळ हीच मंडईतली खरी विक्रीची वेळ, आणि मंडईतून आमच्या गावापर्यंत नगर रोडची गर्दी धरून पोचायचं तर चारलाच निघायला हवं. गाळा बंद ठेवायचा म्हणजे गिऱ्हाईक शेजारी जाणार. शेजारी हमीदभाई, लिंबं विकणारे. त्यांची टोपली माझ्या हद्दीत वीतभर आली म्हणून मी चार वर्षं त्यांच्याशी बोललो नव्हतो. मी कोणाला काही सांगितलं नव्हतं, पण मंडईत भिंतींनाही तोंड असतं. चार वाजता मी पोती झाकायला लागलो तर हमीदभाई आपल्या जागेवरूनच म्हणाले, “झाकताय कशाला? जा तुम्ही. मी बघतो.”

“आणि भाव?” मी म्हणालो. तेव्हासुद्धा माझ्या तोंडून तेच निघालं.

“भाव तुमचाच. फक्त मी गिऱ्हाइकावर ओरडणार नाही. चालेल?”

“चालेल.”

“मग गिऱ्हाईक वाढणार हो तुमचं,” असं म्हणून त्यांनी माझा तराजू आपल्याकडे ओढून घेतला. पुढचे आठ महिने त्यांनी एक संध्याकाळ चुकवली नाही. मी ज्याला चार वर्षं वीतभर जागा देत नव्हतो, त्या माणसाने हे केलं. का केलं, ते मी त्यांना अजून विचारलेलं नाही. विचारलं तर ते काहीतरी टोमणा मारतील आणि तो मला ऐकून घ्यावा लागेल.

त्या आठ महिन्यांबद्दल मला फार लिहिता येणार नाही. सहाच्या सुमारास मी घरी पोचायचो. सरू लुगडं बदलून ओट्यावर तयार असायची. घरापासून देवळापर्यंत चालत दहा मिनिटं लागतात; आम्ही वीस लावायचो, पुढे पुढे तीस. एकतीस वर्षांत आम्ही दोघे मिळून रोज कुठे गेलो नव्हतो. पहिल्या संध्याकाळी तिने आरतीचा पहिला सूर लावला आणि मी सभामंडपाच्या खांबाला टेकलो. गावातल्या बायकांनी मला इतकी वर्षं जे सांगितलं होतं ते किती कमी सांगितलं होतं, एवढंच मला तेव्हा वाटलं. बबनने माझ्या हातात झांज दिली. माझा ठेका चुकला. आरती संपल्यावर सरू म्हणाली, “अहो, झांज हाय ती. मिरची तोलताय व्हय?” सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो. मला कोणी हसलं आणि मला राग आला नाही, असं त्याआधी घडल्याचं मला आठवत नाही.

येता-जाताना ती बोलायची. काय बोलायची? विशेष काही नाही. एकदा म्हणाली, मला आल्याचा चहा कधीच आवडला न्हाई. मी रस्त्यात उभाच राहिलो. एकतीस वर्षं मी रोज गाळ्यावरचं सगळ्यांत चांगलं आलं निवडून घरी आणत होतो, आणि ती रोज ते चहात घालून माझ्यासमोर बसून पीत होती. “मग बोलली का नाहीस?” मी विचारलं. ती पुढे चालत राहिली. म्हणाली, “तुम्ही इचारलं न्हाई.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो.

सहाव्या महिन्यात तिचं बोलणं जड झालं. मग आरतीत ती नुसते ओठ हलवायची. मग तेही दुखायला लागलं, तरी ती येऊन उभी राहायची. शेवटचे पाच आठवडे ती अंथरुणावर होती, आणि तिला घोटभर पाणी गिळताना बघणं ही काय शिक्षा असते हे मी वैऱ्यालाही सांगणार नाही. जीभ शेवटी गेलीच. जे वाचवायला नाथाने डावा दिला ते नाथाने वाचवलं नाही. मी त्या पाच आठवड्यांत एक दिवस देवळात जाऊन, चार माणसांसमोर, नाथाला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. बबन कोपऱ्यात समई पुसत होता. त्याने मला अडवलं नाही, वर बघितलंही नाही. मला वाटलं, देवाचा माणूस आहे, समजून घेतोय.

सरू गेली. मायाने तेरा दिवस सगळं केलं, माझ्या ताटात वाढलं, आणि माझ्याशी एक शब्द न बोलता परत गेली. चौदाव्या दिवशी मी गाळा उघडला. चार वाजले आणि मी उठलो. हमीदभाईंनी काही न विचारता तराजू आपल्याकडे ओढला. मी देवळात जाऊन सभामंडपात बसलो. जोडी राहिली नव्हती, पण पायांना दुसरीकडे जायचं ठाऊक नव्हतं.

वर्षश्राद्ध होऊन गेल्यावरची गोष्ट. एका रविवारी सकाळीच मी देवळात होतो. गावातला एक माणूस नव्या दुकानासाठी कौल लावायला आला होता. मी गाभाऱ्याच्या दाराशी, बाजूला बसलो होतो. आजवर मी कौल समोरून पाहिला होता, हात जोडून, डोळे अर्धे मिटून. त्या दिवशी पहिल्यांदा बाजूने पाहिला. बबनने एक कळी नुसती टेकवली. दुसरी कळी टेकवताना त्याचा अंगठा क्षणभर थांबला आणि दाबला गेला, ओल्या शेंदरात रुतेल इतका. मंडईत कोणी तराजूच्या पारड्याला करंगळी लावली तर मला ती दहा पावलांवरून दिसते. त्याच्यावरच मी आयुष्य काढलं आहे. आणि ज्या दिवशी माझ्या घरातलं माणूस तराजूत होतं त्या दिवशी मी डोळे मिटून उभा होतो.

तो माणूस गेल्याबरोबर मी बबनची गचांडी धरली. साठीतला काटकुळा माणूस, माझ्या हातात वाळक्या पेंढीसारखा हलला. “माझ्या वेळेला कुठली दाबली होतीस?” मी विचारलं. तो खोटं बोलला असता तर मी त्याला मारलं असतं, हे मी आजही कबूल करतो. तो म्हणाला, “उजवी.”

मग त्याने सांगितलं. कौलाच्या आदल्या दिवशी दुपारी सरू एकटी देवळात आली होती. “म्हणल्या, बबनभाऊ, ते माझं ऐकत न्हाईत, नाथाचं तेवढं ऐकत्यात. नाथाला माझ्या बाजूनं बोलायला सांगा. मी न्हाई म्हणलो, अण्णा. म्हणलो, वयनी, ह्ये पाप हाय, जिवाशी खेळ हाय. तर म्हणल्या, जायचं तर मला हायेच, आज न्हाईतर उद्या. पर नाथापुढं मला मुकी उभी करू नका.” बबन रडत होता. “माझ्या आईची शपथ, त्यानंतर मला नीट झोप न्हाई. तुम्ही नाथाला शिव्या देत होता तवा त्या माझ्या होत्या. मी मुकाट घेतल्या.”

माझ्या हातातली गचांडी सुटली. मी विचारलं, “आणि जोडीनं यायचं, ते? तेही तिनंच सांगितलं?”

बबनने मान हलवली. “न्हाई. त्यांनी येवढंच सांगितलं होतं, डावा पाडा. ते जोडीचं मी बी ठरवलं न्हवतं. तोंडातनं कसं गेलं मला ठावं न्हाई. घरी जाऊन बायकोला म्हणलो पण, आज मी कायतरी जादाचं बोललो.”

त्या दिवसातला खोटेपणा कुठला, हे मला समजलं आहे. कळी खोटी होती. पण ते एक वाक्य कोणाचं होतं? सरूचं नाही, बबनचं नाही, आणि माझं तर नाहीच. ज्याला पटेल त्याने ते देवाचं म्हणावं, न पटेल त्याने म्हणू नये. मी कोणाशी घासाघीस करत नाही.

तेवढ्यावर माझं समाधान झालं नाही. मी बबनला म्हणालो, आता माझ्यासमोर पुन्हा कौल लाव. विचार, तिचं बरोबर होतं का माझं; डावी पडली तर तिचं, उजवी पडली तर माझं. तो हात जोडून मागे सरला. म्हणाला, “तुमच्या बाबतीत मी परत हात लावणार न्हाई. तुम्हीच लावा.” गाभाऱ्यात गुरवाशिवाय कोणी जात नाही, पण त्याने मला आत जाऊ दिलं. मी डावी कळी बुडवली, लावली. उजवी बुडवली, लावायला गेलो, आणि बघतो तर माझा अंगठा दाबत होता. मी ठरवलं नव्हतं. तो आपोआप दाबत होता, कारण मला उजवी पडायला नको होती. डावी पडावी, तिचं बरोबर निघावं, ते आठ महिने चूक ठरू नयेत, असं मला आतून वाटत होतं. मी दोन्ही कळ्या काढल्या, शेंदूर धोतराला पुसला आणि बाहेर आलो.

मायाला मात्र सांगितलं. खरं सांगायचं तर मला सुटायचं होतं. वर्षाहून जास्त काळ मुलीने मला आईचा मारेकरी ठरवलं होतं आणि आता माझ्याकडे पुरावा होता. मी तिच्या घरी गेलो आणि सगळं क्रमाने मांडलं: गुरवाने फसवलं, आईनेच सांगितलं होतं, माझा यात काही दोष नाही. माया बराच वेळ रडली. मग डोळे पुसून तिने विचारलं, “आई तुम्हाला आधी बोलली होती ना, नको म्हणून?”

“बोलली होती.”

“क्लिअर बोलली होती?”

“हो.”

“मग बाबा, कौलाची गरज कोणाला पडली?”

मी चहाचा कप उचलला. चहात आलं नव्हतं. मी तो तसाच प्यायलो. निघताना माया म्हणाली, रविवारी येते, आरतीला. ती आली. अजून येते, कधी कधी. बोलते.

मी जे काही मिळवलं ते माझ्या हिमतीवर, असं मी आयुष्यभर सांगत आलो. ते आठ महिने मी मिळवलेले नाहीत. मागितले नव्हते, त्यासाठी भांडलो नव्हतो, मला ते नकोच होते. एका खोट्या कौलातून आणि एका कोणाच्याच नसलेल्या वाक्यातून ते माझ्या पदरात पडले. त्यासाठी मी नाथापुढे रोज डोकं टेकवतो, आणि खरं मनापासून टेकवतो. शरण जाणं म्हणजे काय, ते मला अजून नीट येत नाही. पण कोणाचं तरी ऐकून घेण्यापासून ते सुरू होत असावं, आणि ते देवाच्या आधी घरात करायला हवं होतं, एवढं मला कळलं आहे. कळलं तेव्हा ऐकवणारी राहिली नव्हती.

बबन गुरवाने मला फसवलं, हे पहिलं वाक्य मी मागे घेत नाही. पण त्याने जाब दिला, गचांडी धरल्यावर का होईना. सरूकडे जाब मागायचा मला हक्क नाही. माझ्या घरात माझ्या बायकोला साधं ‘नको’ म्हणायला देवाचं तोंड उसनं घ्यावं लागलं, याचा जाब माझ्याकडे निघतो, आणि तो मी इथे लिहून दिला आहे. पण नाथा, सगळा माझ्याकडे निघत नाही. एकतीस वर्षं ती रोज तुझ्यापुढे उभी राहत होती. ती मला काय बोलू शकत नव्हती, हे तुला माहीत होतं. बबनचा अंगठा तुझ्याच खांद्यावर दाबला गेला आणि तू हलला नाहीस. आठ महिने द्यायचेच होते तर ती धडधाकट होती तेव्हा का दिले नाहीस? माझ्या तोंडावर तू तेव्हाच एक डावा का मारला नाहीस? अर्धं माझं, मी कबूल केलं. अर्धं तुझं आहे. रोज संध्याकाळी मी झांज घेऊन तुझ्यासमोर उभा असतो, ठेकाही आता चुकत नाही. बोल.